संपलेले सेल

९ जून २०२४, रविवार

सकाळी टॉर्च लागेना म्हणून उघडला. आतले दोन्ही सेल फुटून त्यांचा चिकट राप स्प्रिंगवर चढला होता. सेल आमच्याच कारखान्याचे. तळाचा बॅच नंबर अजून वाचता येत होता, म्हणजे माझ्याच सहीने बाहेर पडलेले. बायकोने, विभावरीने, ते कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकले. मी परत काढले. ती म्हणाली, "काय, दहावं-तेरावं करायचंय का त्यांचं?"

थट्टा राहू दे, पण दिवसभर तेच डोक्यात. छत्तीस वर्षं मी ड्राय सेलच्या कारखान्यात क्वालिटीला होतो. पहिली वीस पुण्याकडे, मग २००५ साली कंपनीने म्हैसूरला कारखाना काढला म्हणून इथे आलो आणि इथलेच झालो. हजार सेलमागे पाच तपासायचे आणि हजारांवर सही करायची, अशी पद्धत. असे किती कोटी सेल माझ्या हाताखालून गेले असतील. त्यातला एकही परत आलेला मी पाहिला नाही. सगळे कुठल्या तरी कचऱ्याच्या डोंगरात पडून असेच फुटत असणार.

रिटायर होऊन तीन वर्षं झाली. सुडोकू सोडवून कंटाळा आलाय. ठरवलं की सेल गोळा करायचे, आणि ते नीट जिथे जायला हवेत तिथेच पाठवायचे. निदान आपल्या भागातला एकही सेल कचऱ्यात जाता कामा नये. म्हणून ही वही.

१४ जून

पहिला डबा रणोजीरावांच्या दुकानात ठेवला. रणोजीराव शिंपी, त्यांच्या पाच पिढ्या म्हैसुरात गेल्या. घरात मराठी बोलतात, पण अर्धं वाक्य कन्नडमध्ये केव्हा घसरतं ते त्यांनाही कळत नाही. डबा बघून म्हणाले, "ठेवा की सार, सुम्ने, उगी बसून राहील कोपऱ्यात. तो काय भात मागणार आहे?"

डब्याला भोक पाडून वर लिहिलं, 'संपलेले सेल इथे टाका', तिन्ही भाषांत. खाली माझं नाव, फोन, आणि विभावरीच्या आग्रहावरून फोटो. फोटोत मी एखाद्या पडलेल्या उमेदवारासारखा दिसतो.

१८ जून

डब्यात चार सेल आणि दहाची एक नोट. शेजारी विठोबाची तसबीर आहे, कुणाला तरी ती दानपेटी वाटली.

२ जुलै

आता अकरा डबे आहेत. किराणा, औषधांची दुकानं, दोन शाळा. शाळा म्हणजे खाण निघाली. मुलं खेळण्यांतले चांगले सेलसुद्धा काढून आणतात आणि मग आयांचे फोन येतात.

डबे रिकामे करायला शांताक्काची मदत होते. ती आमच्या गल्लीची पौरकार्मिक, म्हणजे नगरपालिकेची सफाई कामगार, सकाळी सहाला शिट्टी वाजवत गाडी घेऊन येते. वय पंचेचाळीस-पन्नास. माहेर-सासर सगळं टी. नरसीपूरजवळ सोसल्याला, आठवडाभर इथे खोलीत राहते, रविवारी घरी. वीस वर्षांनी मागच्या वर्षी तिची नोकरी कायम झाली. त्या दिवशी तिने पूर्ण बिल्डिंगला पेढे वाटले होते. ती गल्लोगल्ली फिरतेच, तेव्हा डबे बघते आणि पिशव्या आणून आमच्या बेसमेंटमधल्या पिंपात ओतते. काही घ्यायला तयार नाही. विभावरी तिला नाश्ता आणि कॉफी देते.

पिंपात आज एकोणीस किलो.

२० जुलै

आठवडाभर फोन करतोय. कायदा स्पष्ट आहे, सेल बनवणाऱ्याने ते परत घ्यायचे. आमच्या जुन्या कंपनीत फोन लावला, तर ज्याला मी हाताला धरून शिकवलं तो म्हणाला, "सर, ते सगळं ऑनलाइन असतं." बेंगळुरूच्या एका रिसायकलरने विचारलं, मोबाइलच्या बॅटऱ्या आहेत का. नाही म्हटलं. लॅपटॉपच्या? नाही. साधे पेन्सिल सेल म्हटल्यावर त्याने एक टनाखाली गाडी येत नाही असं सांगितलं, तेही वाहतूक आपली, आणि माल निवडून दिला तरच. अल्कलाइन वेगळे, साधे जस्ताचे वेगळे, बटण सेल वेगळे.

या वेगाने एक टन व्हायला तीन वर्षं लागतील. विभावरी म्हणाली, "मग काय, आहे ना वेळ." ती गणिताची मास्तरीण होती. हिशेब तिने माझ्याआधीच केला असणार.

११ ऑगस्ट, रविवार

निवडायला बसलो. लेबलं फाटलेली, गंजलेली, दर सेलला चष्मा वर-खाली. शांताक्का बाजूला उभी राहून बघत होती. तिला म्हटलं, वाचू नकोस, हातात तोलून बघ. अल्कलाइन जड लागतो, जस्ताचा हलका. तासाभरात ती दोन्ही हातांनी निवडायला लागली. मी तीस काढले तेवढ्यात तिने दोनशे. मी मुद्दाम तिचे पन्नास तपासले, एक चूक नाही. आमच्या लाइनवर अशी बाई असती तर सोनं झालं असतं.

हुशार आहे आणि जिज्ञासाही आहे. विचारत होती, हलक्यात आत काय असतं. मी एक सेल कापून दाखवला. मधली कार्बनची कांडी, भोवतीची काळी पूड, आणि बाहेरची ती पांढरी डबी म्हणजे जस्त. तिने डबी बोटाने पुसून बघितली. "हे विकतं का सार?" म्हणाली. सांगितलं, हो, जस्ताला भंगारात चांगला भाव असतो. जडवाल्यात मात्र तसं काही सहज निघत नाही. तिने मान हलवली. शाळा सुटली नसती तर ही बाई कुठल्या कुठे गेली असती.

३० ऑगस्ट

वेंकटरमण आले होते. आमच्या असोसिएशनचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त. त्यांच्या गाडीच्या चाकाखाली पिंपातून झिरपलेलं पाणी गेलं. एकशे अठरा किलो माल बेसमेंटमध्ये आहे हे त्यांना आजच कळलं. "अरुण, मी तुमच्या विरुद्ध नाही," असं त्यांनी पाच वेळा सांगितलं, म्हणजे विरुद्धच. दसऱ्याला सगळ्यांकडे पाहुणे येतात, गाड्या लागतात. त्याच्या आत पिंपं हलली पाहिजेत, नाहीतर असोसिएशन हलवेल. कुठे? तर कचऱ्याच्या लॉरीत.

एकशे अठरा किलो एकदम कचऱ्यात. त्यापेक्षा मी काहीच केलं नसतं तर बरं. रात्रीचं जेवण गेलं नाही.

१५ सप्टेंबर

शांताक्काने मार्ग काढला. तिचा जावई धनुष, मुलगी ईश्वरीचा नवरा. त्याची मालवाहू ऑटो आहे. तो म्हणे सोसल्याहून सेल गोळा करून कंपनीला देतो. कोणत्या कंपनीला, हे तिला सांगता येईना. "आहे सार, मोठी आहे."

मी अशा तोंडी गोष्टींवर जाणारा माणूस नाही. स्पष्ट सांगितलं, कागद हवा. वजन, तारीख, बॅच, विल्हेवाटीची पद्धत, सही, शिक्का. कागदाशिवाय एक सेल हलणार नाही.

विभावरी म्हणाली, "कागद कशाला, सोसलं काय लांब आहे? एकदा जाऊन बघून या ना." माझा गुडघा तिला माहीत आहे. शिवाय माणसाच्या दारात जाऊन तपासणी करणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. कागद हा दोघांच्याही सोयीचा असतो.

२२ सप्टेंबर, रविवार

धनुष आला. पंचवीस-सव्वीसचा, नम्र मुलगा, चपला बाहेर काढून आत आला. कागद आणला होता, पण 'विल्हेवाटीची पद्धत' हा रकाना कोरा. विचारलं तर शांताक्काकडे बघायला लागला. शेवटी मीच सांगितलं, लिही, 'शास्त्रीय पद्धतीने पुनर्वापर'. त्याला इंग्रजी स्पेलिंग येईना, मी कच्च्या कागदावर लिहून दिलं. पुढच्या वेळेपासून हेच लिहायचं असं बजावलं.

ते फक्त हलके घेतात. जड सेल राहिले, पण ते थोडे आहेत, माझ्या कपाटाखाली मावले. एकशे वीस किलो गेला. पिंप धुऊन उन्हात ठेवलं. किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

१३ ऑक्टोबर

असोसिएशनच्या दसरा कार्यक्रमात वेंकटरमण यांनी माझा सत्कार केला. म्हैसूर पेटा म्हणजे इथली पगडी, शाल, चंदनाचा हार. भाषणात ते म्हणाले की आपल्या बिल्डिंगने म्हैसूरला रस्ता दाखवला. बेसमेंटबद्दल अवाक्षर नाही. विभावरीने फोटो आभाला पाठवला. आभा आमची मुलगी, पुण्याला असते. तिचं उत्तर आलं, "बाबा, पेटा मस्त." मी सुखावलो हे कबूल करतो.

१७ नोव्हेंबर

डबे तेवीस झाले. धनुष आता दर रविवारी येतो, कधी मधल्या दिवशीही. रणोजीराव त्याला ओळखायला लागले आहेत, परस्परच डबा देतात. कागद प्रत्येक वेळी न चुकता येतो, आणि त्यात माझंच वाक्य सुवाच्य अक्षरात. फाइल भरत आली.

शांताक्का आज होळिगे घेऊन आली, विभावरी त्यांना पुरणपोळ्याच म्हणते. ईश्वरीला दिवस गेले आहेत, पाचवा महिना. कपडे शिवायच्या कारखान्यात होती, दहा-दहा तास बसून कंबर मोडायची. ती नोकरी तिने दिवाळीआधीच सोडली. आता घरीच असते, घरच्या घरी थोडं काम करते. "तुमच्यामुळे सार," शांताक्का म्हणाली आणि वाकून नमस्कार करायला लागली. मी मागे सरकलो. जावयाला मी काम मिळवून दिलं म्हणून म्हणत असेल. पोटुशी पोर घरी बसली हे बरंच झालं, मला खरंच आनंद झाला.

विभावरीने विचारलं, "घरच्या घरी कसलं काम?" शांताक्काने कॉफीचा पेला विसळायला घेतला. नळ सुरू होता, बहुतेक ऐकू गेलं नसावं.

२४ डिसेंबर

काही विशेष नाही. गुडघ्याला तेल.

१९ जानेवारी २०२५, रविवार

सावकाश लिहितो.

धनुर्मास संपल्यावर ईश्वरीचं सीमंत ठरलं होतं, आपल्याकडच्या डोहाळजेवणासारखं. शांताक्का पत्रिका घेऊन, हळदीकुंकू देऊन बोलावून गेली होती. विभावरीने हिरवं पातळ घेतलं. धनुष ऑटो पाठवतो म्हणाला, आम्ही बसने गेलो. गावाच्या अलीकडे फाट्यावर तो घ्यायला उभा होता.

अंगणात मांडव. मला पहिल्या ओळीत खुर्ची, खुर्चीवर टॉवेल. ईश्वरी पाटावर बसलेली, चेहरा लहान मुलीचा. बायका एकेक करून तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होत्या. विभावरीची पाळी आली. तिने ईश्वरीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मला वाटलं बांगडी अडकली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तिने असं कधी पाहिलं नव्हतं.

मी जवळ गेलो. पोरीच्या नखांत, बोटांच्या पेरांत, हाताच्या रेषांत काळं होतं. हळद लावून, घासून घासून धुतलेलं होतं, तरी निघालेलं नव्हतं. ते काळं मी ओळखतो. माझ्या शर्टाच्या बाह्यांवर ते छत्तीस वर्षं होतं.

जेवणं झाल्यावर शांताक्का म्हणाली, "सार, या, दाखवते." इतक्या हौसेने म्हणाली. परसात पत्र्याची शेड आहे. सणाचा दिवस म्हणून झाडलेली, कडेला रांगोळी. पाच दगडी पाट्या, पाच हातोड्या. एका पोत्यात जस्ताच्या डब्या, दुसऱ्यात कार्बनच्या कांड्या, सगळं नीट निवडलेलं. आणि मागे भिंतीला लागून काळ्या पुडीचा ढीग, माझ्या छातीएवढा. ढिगाच्या पायथ्याशी हातपंप. ती सांगत होती की ईश्वरी सगळ्यात भराभर फोडते, आईसारखा हात आहे. शेजारच्या चार बायकाही येतात. पूड कुणी घेत नाही, म्हणून ती तिथेच टाकतात. वारा आला की उडते, तेव्हा पाणी मारतात.

"बरोबर करतो ना सार?" तिने विचारलं. तिने त्याच पंपाचं पाणी तांब्यात आणून दिलं आणि मी ते प्यालो.

बसमध्ये विभावरी खिडकीकडे तोंड करून बसली होती. घरी आल्यावर तिने हात धुतले, मग परत धुतले.

२० जानेवारी

जे या वहीत लिहायचं टाळलं ते लिहितो.

ती पूड मँगनीजची. पुण्याकडच्या कारखान्यात मिक्सिंग खात्यात दामोदरराव नावाचे फोरमन होते. बारा वर्षं त्या धुळीत. आधी त्यांचं अक्षर बारीक झालं, मग चेहरा हलायचा थांबला. हसले तरी हसल्यासारखे दिसायचे नाहीत. चालताना मागे पडायचे. त्यांची बायको डब्याबरोबर येऊन त्यांना भरवायची. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं कशाने ते. मिक्सिंग माझ्या खात्यात येत नव्हतं, म्हणून मी कधी काही लिहिलं नाही.

त्यांना निदान पंखे होते. या पोरीच्या तोंडावर पदरही नाही आणि पोटात सात महिन्यांचं मूल.

शहरभर एकेक दोन-दोन पडणारे सेल होते. मी ते मान मोडून गोळा केले, हलके-जड निवडायला शिकवलं, आतलं जस्त कापून दाखवलं, आणि सगळं एका पोरीच्या परसात नेऊन ओतलं. वर 'शास्त्रीय पद्धतीने' हे शब्दही मीच दिले. मी इतका मूर्ख कसा, हे मला कळत नाही. की मूर्ख नव्हतो आणि बघायचंच नव्हतं?

२३ जानेवारी

शांताक्काला वर बोलावलं आणि सगळं सांगितलं. मँगनीजला कन्नडमध्ये काय म्हणतात मला माहीत नाही, विष म्हटलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सार, वीस वर्षं मी हाताने गटारं काढली. तेव्हा कुणी विष म्हटलं नाही." मी म्हटलं, ईश्वरी गरोदर आहे. ती म्हणाली, "मग परत कारखान्यात पाठवू? तिथे लघवीला जायला विचारावं लागतं."

शेवटी कबूल झाली. बंद करते म्हणाली. जाताना कॉफी न पिता गेली. सात महिन्यांत पहिल्यांदा.

२९ जानेवारी

मास्क आणि हातमोजे कुरियरने पाठवले, उरलेलं आवरताना लागतील म्हणून. फोन केला तेव्हा मागे ठक-ठक ऐकू येत होतं. शांताक्का म्हणाली, सुपारी फोडतायत.

३ फेब्रुवारी

डबे काढायला निघालो. रणोजीरावांकडे डबा रिकामा. "काल नेला की तुमच्या त्या पोराने. आणि नवीन डबा पण ठेवून गेला, नोडी, बघा केवढा मोठा." डब्यावर माझा फोटो होता, रंगीत. म्हटलं, काढून टाका हे. ते म्हणाले, "का हो सार? लोकांना आता सवय पडली. डबा काढला तर काउंटरवर ठेवून जातात, मी नको सांगितलं तरी ऐकतच नाहीत."

औषधांच्या दुकानात तेच. माझा फोटो आणखी दोन दुकानांत दिसला जिथे मी कधी गेलेलो नाही. धनुषला फोन लावला. तो नम्रपणे म्हणाला, "सार, तुम्ही थकलात, आम्ही करतो ना."

८ फेब्रुवारी

विभावरी म्हणते तक्रार करा. लेखी, प्रदूषणवाल्यांकडे, आरोग्यखात्याकडे, जिथे करायची तिथे. मी मसुदा केला, तीन पानं. मग विचार आला की चौकशी झाली तर पहिली शांताक्काची नोकरी जाईल. कायम होऊन दीड वर्ष नाही झालं. आणि फाइलीतल्या प्रत्येक कागदावर खाली 'तपासले' म्हणून माझी सही आहे. या दोनातलं खरं कारण कोणतं ते मी इथे लिहीत नाही.

तिने मसुदा वाचला आणि म्हणाली, "पाठवताय ना?" म्हटलं, जरा थांबू, बाळंतपण होऊ दे. तिने कागद टेबलावर ठेवले, वर पेपरवेट ठेवलं.

११ फेब्रुवारी

विभावरी पुण्याला गेली, आभाकडे. आभाची कामवाली रजेवर आहे, आठ दिवसांचा प्रश्न आहे. मोठी बॅग नेली. तिकडे थंडी असते.

२२ फेब्रुवारी

एकट्याचा स्वयंपाक म्हणजे खिचडी. पेपरवेटखाली हात लावलेला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी अकराला शांताक्काचा फोन आला, सरकारी दवाखान्यातून. ईश्वरीला पहाटे मुलगी झाली, महिनाभर आधी. एक किलो सातशे. काचेच्या पेटीत ठेवली आहे, रडली नाही फारशी. तिला अभिनंदन नको होतं. ती हळू आवाजात बोलत होती. डॉक्टरीणबाई कागद घेऊन खाटेशी उभी आहे, ईश्वरीचे हात बघून विचारते आहे, काय काम करते, कसलं केमिकल आहे का, खरं सांगा, बाळाला त्याप्रमाणे बघायला लागेल. "काय सांगू सार? तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगाल ते सांगते."

मागे पेटीचं यंत्र टिक-टिक करत होतं. मला वाटतं मी दोन सेकंदही घेतले नाहीत. मी म्हटलं, "घरकाम म्हण. कोळशाची चूल आहे, हात काळे होतात, असं म्हण."

ती हो म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग मी स्वयंपाकघरात गेलो, गॅसवर दूध होतं ते उतरवलं, परत येऊन बसलो. चाळीस मिनिटं गेली असतील. फोन लावला. म्हटलं, शांताक्का, तिला बोलव, खरं ते सांग, माझं नाव सांग, मँगनीज म्हण, मी सांगतो तसं म्हण, नाहीतर मला बोलू दे तिच्याशी. ती म्हणाली, "लिहून झालं सार. डॉक्टर पुढच्या खाटांकडे गेल्या. तुम्ही नीट सांगितलंत, काही त्रास झाला नाही." ती माझ्यावर खूश होती.

उद्या पहिल्या बसने जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटतो.

२८ फेब्रुवारी

गेलो नाही. गुडघा.

विभावरीचा फोन आला. विचारलं, ईश्वरीचं काय? म्हटलं, मुलगी झाली, सगळं ठीक आहे. ती म्हणाली, वेळेवर जेवत जा.

१ मार्च

स्टँडपर्यंत गेलो. टी. नरसीपूरची बस लागली होती, कंडक्टर ओरडत होता. ती भरून गेली, दुसरी लागली. परत आलो.

५ मार्च, बुधवार

शांताक्काचा फोन. बाळाचं वजन एक किलो आठशे झालं म्हणून मायलेकींना आज घरी सोडलं. बाळंतिणीला ऊन हवं, वारा हवा, म्हणून परसाकडच्या खोलीत खाट टाकली आहे, दिवसभर खिडकी उघडी ठेवतात, असं ती म्हणाली. मी बरं म्हटलं.